हाताने केलेली पोस्टकार्डं: सगळे विचारतात ते प्रश्न आणि माझी लांबलचक उत्तरं

दिवाळी आणि संक्रांत जवळ आली की मैत्रिणी, भाचरं, सोसायटीतल्या काकू सगळ्यांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात, कागद कुठला, तिकीट किती, माझं अक्षर का पुसलं गं. प्रत्येकीला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी आर्टिस्ट वगैरे नाही. फक्त बरीच कार्डं बिघडवून झालीत.

पोस्टकार्ड अजून चालतं का? कोणी आणून देतं का घरी?

चालतं की. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि विचारणाऱ्याच्या घराखाली बहुतेक लाल पेटी असते. जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं, आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा. तेव्हापासून ते बंद पडलेलं नाहीये. पेटीत टाकायच्या आधी पेटीवरची टपाल काढायच्या वेळेची पाटी बघा आणि पेटीच्या तोंडात कोळ्याचं जाळं असेल तर सरळ पोस्टात जाऊन टाका, एवढंच.

सरकारी पिवळट कार्डावरच चित्र काढू की कार्ड पण घरी करू?

दोन्ही चालतं. पहिल्यांदाच करत असाल तर मी सरकारी कार्डच घ्या म्हणेन. वर्षानुवर्षं ते ५० पैशांना मिळतंय, म्हणजे दहा रुपयात वीस कार्डं, बिघडली तरी जीव तुटत नाही, आणि तिकीट आधीच छापलेलं असतं. पण कागद पातळ आणि पाणी पिणारा, त्यामुळे वॉटरकलर विसरा, कार्ड पापडासारखं वाकडं होतं. रंगीत पेन्सिली, बॉलपेन, क्रेयॉन, फार तर कोरडा ठसा. हात बसला की मग स्वतःचं कापा.

माप काय ठेवायचं?

सरकारी कार्ड समोर ठेवा आणि त्याच मापाचं कापा, १४ बाय ९ सेंटीमीटर, डोकं लावायचं नाही. गोल, बदामाच्या आकाराची, हत्तीच्या आकाराची कार्डं हातात छान दिसतात पण गठ्ठ्यात बांधताना त्यांचेच कान दुमडतात.

आता कामाची गोष्ट. ए-फोर कागदातून अशी चारच कार्डं निघतात आणि बरीच पट्टी वाया जाते. ए-थ्री घेतला (४२ बाय २९.७) तर लांबीत तीन आणि रुंदीत तीन अशी बरोब्बर नऊ निघतात, लांबीत तर एक मिलिमीटरही उरत नाही. म्हणून मी कायम ए-थ्रीच आणते. कापायला कात्री नको, कटर आणि स्टीलची पट्टी. खाली जुना जाड पुठ्ठा घ्या, ओट्याच्या कडप्प्यावर कापलंत तर ब्लेड दोन मिनिटात बोथट (आणि ओट्यावर ओरखडे, मग घरात बोलणी).

कागद कुठला घेऊ? दुकानदार जीएसएम विचारतो, मला कळत नाही

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधे वजन. झेरॉक्सचा कागद साधारण ७०-८०, आपल्याला २५० ते ३०० पाहिजे. त्यापेक्षा पातळ घेतला तर कार्ड दुमडतं, जाड घेतला तर कापताना मनगट जातं. ३०० चं कार्ड सुद्धा जेमतेम पावणेचार ग्रॅम भरतं, वजनाची काळजी नको. दुकानात 'जाड ड्रॉइंग शीट' किंवा 'कार्डशीट' म्हटलं की समजतात. गुळगुळीत चकचकीत घेऊ नका, त्यावर शाई वाळतच नाही आणि पोस्टाचा शिक्का पण फासतो.

हातकागद मला फार आवडतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथे गेले की मी ठरवलेल्यापेक्षा दुप्पट घेऊन येते. आणि दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतं, गावाचं नावच कागद करणाऱ्यांवरून पडलंय, वेरूळला जाणार असाल तर थांबा. पण हातकागदाची एक खोड आहे, काही कागद शाई ओढून घेतात, अक्षर फुटून मुंगीचं झुरळ होतं. म्हणून कोपऱ्यात आधी पेन चालवून बघायचं, आणि पत्त्यासाठी लागलंच तर साध्या कागदाचा तुकडा चिकटवायचा.

आणि सगळ्यात भारी कागद फुकटात मिळतो. लग्नपत्रिका! काय तो जाड कागद, काय ती सोनेरी नक्षी. वर गणपती असतो म्हणून कोणाच्या हाताने टाकवत नाहीत, कपाटावर ढीग साचत जातो. गणपतीचा भाग चित्राच्या बाजूला येईल असं कापा, मागचा कोरा भाग लिहायला. मागे छपाई असेल तर पांढरा कागद चिकटवा. माझ्या मावसबहिणीला तिच्याच लग्नाच्या पत्रिकेचं कार्ड करून दहाव्या वाढदिवसाला पाठवलं होतं, ते तिने फ्रिजवर लावलंय.

मला चित्र काढताच येत नाही, मग?

मग ठसे. भेंडी आडवी कापा, पाच पाकळ्यांचं फूल तयार. बटाटा अर्धा कापून त्यात सुरीने चांदणी कोरा. कमळकाकडीच्या चकतीसारखा ठसा तर कुठल्या डिझायनरला जमणार नाही. एकच नियम, भाजी कापली की फडक्याने पुसून दहा मिनिटं वाळू द्या, नाहीतर तिचं पाणी रंगात उतरून सगळं ओघळतं. पोस्टर कलर डब्यातून थेट न घेता ताटलीत जुन्या स्पंजवर घ्या आणि स्पंजावर ठसा दाबा, स्टॅम्पपॅडसारखं.

पानाचा ठसा घेताना रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, शिरा तिथे वर आलेल्या असतात. बऱ्याच जणी पुढून लावतात आणि हिरवा डाग मिळाला म्हणून रडतात.

रांगोळी येते ना? मग झालंच. ठिपक्यांची रांगोळी जेलपेनने कार्डावर काढा, सात ते एक किंवा पाच ते तीन, जे हाताला येतं ते. काळ्या कागदावर पांढऱ्या पेनने तर इतकी उठून दिसते की लोकांना प्रिंट वाटते.

वारली पण करतात खूप जण. गेरूसारखा तपकिरी कागद घ्या. डहाणू-तलासरीकडे भिंतीवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने काढतात, ते बघून मी पण पीठ कालवलं होतं, कार्ड वाकल्यावर सगळं चित्र पावडर होऊन खाली. कार्डाला पांढरा अॅक्रिलिक बरा.

सुकी फुलं चिकटवली तर टिकतात का?

बोगनवेल टिकते, ती मुळातच कागदी असते. नेचे, गवताची पाती, गुलमोहराच्या पाकळ्या पण छान राहतात. मोगरा आणि जास्वंद नाही, मोगरा तपकिरी पडतो, जास्वंद चिकट होते. जाड पुस्तकात टीपकागदामधे ठेवून वर पाट ठेवा, दोन आठवडे उघडून बघायचं नाही (हेच अवघड आहे). पिंपळाची जाळी करायची असेल तर पान तीन-चार आठवडे पाण्यात कुजवून जुन्या टूथब्रशने हलकेच मांसल भाग काढायचा, वास येतो, बाल्कनीत करा. अशी कार्डं मात्र पाकिटातूनच पाठवायची.

फेविकॉलने कागद फुगतो, काय करू?

फेविकॉलमधे पाणी असतं म्हणून फुगतो. ग्लूस्टिक वापरा. फेविकॉलच असेल तर थेंब थेंब न टाकता जुन्या कार्डाच्या तुकड्याने अगदी पातळ पसरवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा, डिक्शनरी, वरवंटा, जे असेल ते. वॉटरकलरने वाकडं झालेलं कार्ड उलटं करून वर सुती फडकं घालून अगदी कमी गरम इस्त्री फिरवली की सरळ होतं.

टिकल्या, मणी, चमकी लावू का?

नको!! चमकी सगळ्यांच्या टपालाला लागते. मणी आणि बटणं शिक्का मारताना मधे येतात, आणि मोठ्या शहरात सॉर्टिंग मशीनवर होतं तिथे अडकतात. फार हौस असेल तर पाकीट.

माझा पराक्रम सांगते. आपल्याकडे संक्रांतीला छोट्या शुभेच्छापत्रात तिळगूळ घालून पाठवायची पद्धत होती ना, ते डोक्यात ठेवून मी एका वर्षी कार्डावर चक्क काटेरी हलवा चिकटवला, पतंगाच्या आकारात, तासभर खपून. काकूचा फोन आला, कार्ड मिळालं पण त्यावर डिंकाचे ठिपके आणि दोन मुंग्या आहेत, हे काय चित्र आहे?

कोपरे गोल किंवा फाटके ठेवले तर चालेल?

गोल चालेल. फाटका कोपरा अजिबात नाही, आणि हे लहान मुलामुलींनी नीट वाचा कारण तुम्हाला हे कोणी सांगितलेलं नसणार. पूर्वी आपल्याकडे कोणी गेल्याची बातमी कार्डाने यायची तेव्हा कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, म्हणजे हातात घेतल्याबरोबर कळावं. असं कार्ड वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. उलट शुभ पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. मी हातकागदाच्या फाटक्या कडा आवडतात म्हणून एक कार्ड चारी बाजूंनी मुद्दाम फाडून आत्याला पाठवलं. तिने चष्मा शोधेपर्यंत घरात कोण कोण आजारी होतं ते सगळं आठवून घेतलं म्हणे. आता सत्तरीपुढच्या सगळ्यांना कडा सरळ आणि कोपऱ्यात कुंकवाचं बोट.

मागच्या बाजूला काय कुठे?

मधे उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, उजव्या वरच्या कोपऱ्यात तिकीट. ही रेघ वाटते तितकी जुनी नाही, ब्रिटनने १९०२ ला परवानगी दिली, त्याआधी चित्राच्या कार्डावर ती पूर्ण बाजू पत्त्यालाच असायची आणि लोक चित्राच्या कडेकडेने मजकूर कोंबायचे. पत्त्याची बाजू शक्यतो फिक्या रंगाची आणि मोकळी ठेवा. मी सुरुवातीला तिथे पण वेली काढायचे, आता नाही. पुढची बाजू आत्यासाठी, मागची पोस्टमनसाठी, आणि कार्ड आधी पोस्टमनला आवडलं पाहिजे. पाठवणाऱ्याचा पत्ता डावीकडे वर बारीक अक्षरात घाला, कार्ड परत यायची तेवढीच सोय.

'मु. पो.' म्हणजे काय? आणि पत्ता मराठीत चालतो का?

मु. म्हणजे मुक्काम, राहायचं गाव. पो. म्हणजे त्या गावाचं टपाल ज्या पोस्टात येतं ते. गावातच पोस्ट असेल तर 'मु. पो. वेळणेश्वर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी' असं एकत्र, नसेल तर मु. वेगळं पो. वेगळं. पुढे तालुका, जिल्हा, पिन. महाराष्ट्रात-गोव्यात मराठी पत्ता बिनधास्त लिहा, राज्याबाहेर इंग्रजीत.

वेळणेश्वर उगाच नाही घेतलं. पिनकोड ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर तिथले, संस्कृतचे कवी आणि पोस्टातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, आपला ४, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा (४०० मुंबई, ४११ पुणे, ४०३ गोवा), शेवटचे तीन नेमकं पोस्ट. एक आकडा चुकला की कार्ड भारतदर्शन करतं. पिन मोठ्या सुट्या आकड्यात लिहा, एक आणि सात वेगळे दिसतील असे.

घरी केलेल्या कार्डाला तिकीट किती रुपयाचं?

पोस्टकार्डाच्या मापात बसत असेल तर पोस्टकार्डाचाच दर. पण तेवढ्या कमी पैशांचं तिकीट खिडकीवर दरवेळी मिळेलच असं नाही, आणि मापावरून 'हे कार्ड की पत्र' असा वाद घालायला मला वेळ नसतो, म्हणून मी पाच रुपयाचं लावते आणि विषय संपवते. तिकिटं पण नुसती लाल-निळी घेऊ नका, मोठ्या पोस्टातल्या फिलाटेलीच्या (तिकिटं जमवणाऱ्यांच्या) खिडकीवर पक्षी, किल्ले, फुलं असली मिळतात, ती चित्राला मॅच करायची मजाच वेगळी. स्वतःच्या फोटोचं 'माय स्टॅम्प' पण करून मिळतं, आजीआजोबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या हो, आम्ही तसं केलं होतं. तिकिटावर सेलोटेप लावायची नाही, शिक्का कागदावर बसला पाहिजे.

पावसाळ्यात अक्षर पुसतं त्याचं काय?

जेलपेन आणि फाउंटन पेन जून ते सप्टेंबर कपाटात. बॉलपेन किंवा वॉटरप्रूफ ड्रॉइंग पेन. आणि जुनी युक्ती, पत्ता लिहून वाळला की त्यावरून पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने घासा, पाणी ओघळून जातं. तिकिटाच्या जागेवर मेण लावायचं नाही, ना तिकीट चिकटत ना शिक्का.

फोटोचं कार्ड करता येईल?

येईल, मॅट प्रिंट काढा आणि कार्डशीटवर चिकटवा. नुसत्या फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालत नाही, सीडीवर लिहायचे ते परमनंट मार्कर लागतात.

पण लिहू काय? व्हॉट्सअॅपवर सगळं बोलून झालेलं असतं

हा खरा प्रश्न. बातमी लिहूच नका, ती आधीच पोचलेली असते. जे फोनवर सांगायला बावळट वाटतं ते लिहा. गॅलरीत कबुतराने कुंडीत अंडी घातली, आज आमटीत गोडा मसाला जास्त झाला आणि तुमची आठवण आली, लिफ्टमधला आरसा काढला म्हणून सगळे केस न विंचरता फिरतायत. कार्डावर आठ-दहा ओळीच मावतात, त्यात एकच गोष्ट नीट सांगा.

मोठ्यांना लिहिताना मायना घाला बरं का, त्यांना खूप आवडतो. ति. मावशीस सा. न. (तीर्थरूप, साष्टांग नमस्कार), समवयस्कांना स. न. वि. वि. (सप्रेम नमस्कार विनंती विशेष), लहानांना चि. आणि अनेक आशीर्वाद. शेवटी 'कळावे, लोभ असावा'. माझ्या भाच्याने त्याच्या मित्राला 'लोभ असावा' लिहिलं तर तो मित्र विचारतो, कसला लोभ?

म्हाताऱ्या माणसांना मोठं अक्षर, शाईचा काळा रंग, ओळींमधे जागा. परदेशातल्या भाच्यांना उलट, सुटं सोपं देवनागरी, जोडाक्षरं कमी, नाहीतर त्यांची आईच वाचून दाखवते आणि कार्ड आईचं होतं.

आणि कार्ड उघडं असतं हे विसरू नका, वाड्यात पूर्वी एकाचं कार्ड सगळे वाचायचे. बँकेचं, आजारपणाचं, भांडणाचं पाकिटात.

परदेशात जातं का? आणि तिकडून इकडे?

जातं. खिडकीवर देश सांगून दर विचारा, तिकीट लावा, 'बाय एअरमेल' लिहा आणि देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठं इंग्रजीत. अमेरिकेतून पाठवणाऱ्यांना सोपं, तिकडे 'ग्लोबल फॉरेव्हर' नावाचं एकच तिकीट कुठल्याही देशाच्या कार्डाला चालतं. तिकडून लिहिताना पत्त्यात मात्र आपला पिन आणि इंडिया ठळक लिहायला सांगा.

अनोळखी लोकांशी कार्डं अदलाबदल करायची असतील तर पोस्टक्रॉसिंग आहे, २००५ मधे पोर्तुगालमधे सुरू झालेलं, तुम्ही एक पाठवलं की दुसऱ्याच कोणाकडून तुम्हाला एक येतं. त्यात मिळणारा नंबर कार्डावर लिहायला विसरायचं नाही, तो नसेल तर समोरच्याला नोंदवता येत नाही.

मुलांना घेऊन केलं तर?

भेंडीचे ठसे, चार वर्षांपासून पुढे कोणीही. पत्ता तुम्ही लिहा. पेटीत कार्ड मात्र त्यांनाच उचलून टाकू द्या, तेच त्यांना लक्षात राहतं.

किती दिवस आधी टाकू? आणि पोचलंच नाही तर?

राज्यातल्या राज्यात मी आठवडा धरते, बाहेर दहा-बारा दिवस, दिवाळी-राखीच्या गर्दीत त्याहून जास्त. टाकायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा. साध्या कार्डाला ट्रॅकिंग नसतं, हरवलं तर हरवलं. एकदा गणपतीचं कार्ड नवरात्रात पोचलं होतं, मामा म्हणाला, बाप्पा चालत आला असेल.

सगळ्यांना पाठवते पण उत्तर कोणीच पाठवत नाही

पूर्वी पोस्टात जोडकार्ड मिळायचं, एक तुमचं आणि एक उत्तराचं, आधीच पैसे भरलेलं. मी आता घरचं जोडकार्ड करते. पाकिटात माझं कार्ड आणि सोबत एक कोरं, त्यावर माझा पत्ता लिहून तिकीट लावलेलं, आणि अर्धंच काढलेलं चित्र, म्हणजे बाकीचं त्यांनी पूर्ण करायचं. मागच्या वर्षी आत्याला अर्धी मांजर पाठवली होती. तीन महिन्यांनी परत आली. शेपटी हिरवी, कारण घरात तेवढंच पेन चालू होतं, कोपऱ्यात कुंकू, आणि खाली एवढंच, 'कार्ड पोचले. गुडघा बरा आहे. तुझी मांजर फार लठ्ठ आहे, तिला दूध कमी दे.'